लातूरची शाखा

बँकेच्या परीक्षेचं इंग्रजी हे बोलायचं इंग्रजी नव्हे. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या गावाला ते कधी पटलं नाही. या इंग्रजीत वाक्य आयतं मिळतं, त्यात चूक कुठे आहे ते आपण शोधायचं. गाळलेल्या जागेत पाचांपैकी एक शब्द बसवायचा. उलटीसुलटी टाकलेली वाक्यं ओळीत लावायची. तोंड उघडायची वेळ कुठेच येत नाही. मी नांदेडला राहून दिवसभर इंग्रजी करायची आणि दिवसभरात माझ्या तोंडून इंग्रजीचा एक शब्द बाहेर पडायचा नाही. खरं सांगायचं तर मराठीचाही फारसा पडत नसे.

अभ्यासिकेत बोलायला बंदी होती. प्लायवूडच्या फळ्या मारून केलेले खुराडे, प्रत्येक खुराड्यात एक माणूस, डोक्यावर कटकट करणारा पंखा. बाकी सगळे राज्यसेवा नाहीतर पोलीस भरतीवाले. त्यांचा अभ्यास मराठीत, त्यामुळे चहाच्या टपरीवर त्यांच्या तावातावाने चर्चा चालायच्या. राज्यघटनेवरून तर एकमेकांची कॉलर धरायचेच बाकी असायचे. मी कप घेऊन कडेला उभी. माझ्या अभ्यासातलं काय सांगणार? आज मी एक अव्यय चुकवलं, असं? कुणी विचारलंच तर दुसरा कुणीतरी परस्पर सांगायचा, ही बँकवाली आहे. मग विचारणारा मान डोलवायचा आणि घटनेकडे वळायचा.

शब्द पाठ करायची माझी एक रीत होती. कोरा शब्द डोक्यात राहत नाही, म्हणून मी तो एखाद्या माणसाला चिकटवून टाकायची. मेसवाल्या मावशी वरणात डाळ शोधावी लागेल इतकं पाणी घालायच्या, त्यांना दिला फ्रूगल, म्हणजे काटकसरी. खोलीमालक सकाळी नळ सोडताना 'हं' म्हणायचे आणि संध्याकाळी नळ बंद करताना 'हं' म्हणायचे, त्यांना टॅसिटर्न, म्हणजे अबोल. असं करत करत निम्मं नांदेड मी इंग्रजीत वाटून टाकलं. त्यातल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता, आणि त्यातल्या एकाशीही माझं धड बोलणं नव्हतं. मला एकटं वाटायचं. उगाच गोल फिरवून काय सांगू, साधं सरळ एकटं वाटायचं.

आमचं गाव बिलोली तालुक्यात. बाबा तिथल्याच शाळेत शिपाई होते, आता निवृत्त. माय दुसऱ्याच्या रानात जाते. आमच्या वस्तीत मुली शिकल्या नाहीत असं नाही, दोघी-तिघी नर्स झाल्यात, पण बँकेच्या काचेआड बसलेली आमच्यातली बाई कुणी पाहिली नव्हती. बाबांना ती खुर्ची फार मोठी वाटायची. शाळेचे पगाराचे कागद घेऊन ते बँकेत जायचे तेव्हा त्या काचेच्या अलीकडे उभं राहून त्यांच्या आयुष्यातले बरेच तास गेले होते.

तर झालं असं, की माझी पूर्वपरीक्षा निघाली. ही परीक्षा म्हणजे चाळणी. ती पार केली की मुख्य परीक्षेला बसता येतं, मग मुलाखत, मग यादी, मग नोकरी. मी बाबांना फोनवर सगळं नीट सांगितलं आणि निकालाच्या पानाचा फोटो पाठवला. इथे चुकलं. बाबा तो फोटो घेऊन फाट्यावर ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या पोराकडे गेले. त्याने पहिलाच शब्द मोठ्याने वाचला, काँग्रॅच्युलेशन्स. पुढे काय लिहिलंय ते वाचायची त्याला काय पडली होती? आमच्याकडे पास म्हणजे पास. पास झाल्यावर पुन्हा परीक्षा असते हे कुणाच्या बापाला खरं वाटेल?

दुसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला. 'बँक अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' परीक्षेच्या फॉर्मवरचा माझा फोटो, त्याखाली कुणाचं तरी कोट घातलेलं अंग जोडलेलं, त्या अंगावर टाय. आणि त्याखाली शुभेच्छुकांची ही रांग. त्यातले निम्मे मला गावात असताना ओळखही देत नव्हते. फ्लेक्सवाल्या पोराला मी फोन करून झापलं. म्हटलं, अरे बाबा, नोकरी नाही लागली अजून, काढ तो. तो म्हणाला, "ताई, होऊन जाईल की. आता छापला ना." एवढंच. छापला म्हणजे विषय संपला.

मग सत्काराचं आमंत्रण आलं. मी नाही म्हणत होते. बाबांचा फोन आला, आवाज इतका हलका झालेला की मी येते म्हटलं. विहारासमोर मांडव, खुर्च्या, माईक. मला पुढे बसवलं, शाल घातली, हार घातला. भाषणं सुरू झाली आणि प्रत्येक भाषणागणिक माझं पद वर चढत गेलं. शेवटच्या वक्त्याने तर मला थेट मॅनेजर करून टाकलं. मी माईक हातात घेतला तो सांगायलाच, की मंडळी, जरा थांबा. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, ताई इंग्लिशमध्ये बोला. मग सगळेच म्हणायला लागले. पोरं, बाया, म्हातारी माणसं, सगळ्यांना माझं इंग्रजी ऐकायचं होतं. बाबा तर उठून उभे राहिले होते.

आता माझी पंचाईत बघा. जगातल्या कुठल्याही इंग्रजी वाक्यातली चूक मी सांगू शकत होते, पण स्वतःचं एक वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं. समोर चारशे डोळे नसतील, पण मला तेवढे दिसत होते. आणि मग तोंडातून जे रोज डोळ्यांखालून जायचं तेच बाहेर पडलं. "रीड द फॉलोइंग पॅसेज केअरफुली अँड आन्सर द क्वेश्चन्स गिव्हन बिलो." म्हणजे खालील उतारा काळजीपूर्वक वाचा आणि प्रश्नांची उत्तरं द्या. प्रश्नपत्रिकेवरची सूचना. गाडी सुरू झाली ती थांबेना. ठळक छापलेले शब्द तुम्हाला शोधायला सोपे जावेत म्हणून दिले आहेत, तेही म्हटलं. वाक्यात चूक नसेल तर पाचवा पर्याय निवडा, तेही म्हटलं. विरामचिन्हांच्या चुकांकडे दुर्लक्ष करा, असं सांगून मी थांबले.

टाळ्यांनी मांडव दणाणला. एक म्हातारी पुढे येऊन माझ्या तोंडावरून हात ओवाळून गेली. बाबा रडत होते. मला हसूही येत होतं आणि जमीन पोटात घेईल तर बरं असंही वाटत होतं. एकट्या आमच्या इंग्रजीच्या जुन्या सरांनी टाळी वाजवली नाही. ते गर्दी ओसरल्यावर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "सूचना छान सांगितल्यास. आता उत्तरंही लिही." मी खाली बघून हो म्हटलं.

त्या दिवसापासून परीक्षा माझी राहिलीच नाही. ती बाबांची झाली. मुख्य परीक्षा निघाली तर सगळं खरं ठरणार होतं, आणि नाही निघाली तर माझा बाप अख्ख्या तालुक्यात खोटा पडणार होता. मी झपाटल्यासारखी अभ्यासाला बसले. इंग्रजी पेपरातले अग्रलेख गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी उभं राहून मोठ्याने वाचायला लागले, म्हणजे निदान जीभ तरी वळेल. शेजारच्या गच्चीवर वाळवण घालणारी बाई मला बघून तिचं पोरगं आत घेऊन जायची.

मुख्य परीक्षेत इंग्रजीचा एक भाग कॉम्प्युटरवर टाइप करून लिहायचा असतो. त्यात मित्राला पत्र लिहायला सांगितलं होतं. पुष्कळ दिवसांत भेट न झालेल्या मित्राला. माझा वेळ पहिली ओळ लिहिण्यातच गेला. मित्र कोण, हेच आधी सुचेना. बाकी विषयांत मी तरले, इंग्रजीत बुडाले. निकाल लागला तेव्हा मी अभ्यासिकेच्या जिन्यात बसून तो पुन्हा पुन्हा उघडून पाहिला, जसं काही पान बदलणार होतं.

बाबांना फोन केला. झालं नाही, म्हटलं. मग बाबा म्हणाले, "कुणाला सांगू नको. मी बघतो." काय बघतो, हे दोन दिवसांनी कळलं. बाबांनी गावात सांगितलं होतं, की पोरगी जॉईन झाली. लातूरच्या शाखेत.

लातूरच का? कारण नांदेडला आमच्या भागातलं प्रत्येक माणूस येतं. दवाखाना नांदेड, बाजार नांदेड, कोर्टकचेरी नांदेड. पाठीवर सॅक लावून अभ्यासिकेत जाताना मी कुणाच्या तरी नजरेस पडले असते. बाबांनी हा सगळा विचार केला होता. म्हणून मग मला नांदेड सोडावं लागलं. लोक नोकरीसाठी गाव बदलतात, मी न लागलेल्या नोकरीसाठी बदललं. एका पत्र्याच्या ट्रंकेत पुस्तकं भरली आणि लातूरच्या गाडीत बसले. अंगाची लाही व्हावी इतका राग आला होता, पण कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

लातूर म्हणजे डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचं गाव. जिकडे बघावं तिकडे सतरा-अठरा वर्षांची मुलं बेडकाच्या रक्ताभिसरणावर बोलत चाललेली. अभ्यासिकेत माझ्या दोन्ही बाजूंना त्याच पोरी. त्यांच्या आया महिन्यातून एकदा डबे घेऊन यायच्या, पोरींच्या वेण्या घालून द्यायच्या, आणि जाताना मलाही सांगायच्या की जरा लक्ष ठेवा हं मॅडम. त्यांना मी वॉर्डन वाटायची. दुपारी मी एका छोट्या क्लासमध्ये पाचवी-सहावीच्या पोरांना व्याकरण शिकवायची, त्यावर खोलीचं भाडं निघायचं. शनिवार-रविवार तर असे जायचे की सोमवारी दूधवाल्याला 'अर्धा लिटर' म्हणताना घसा खरखरायचा.

आणि तिकडे गावात माझी शाखा जोरात चालली होती. कुणाचं पासबुक बँकवाले भरून देत नव्हते, कुणाचं कार्ड मशीनमध्ये अडकलं, कुणाचा अंगठा उमटत नव्हता, की लोक बाबांकडे. बाबा ओट्यावर बसून मला फोन लावायचे आणि फोनचा आवाज मोठा करायचे, सगळ्यांना ऐकू यावा म्हणून. "साहेब आहेत का समोर? बोलता येईल का?" असंही विचारायचे. मी अभ्यासिकेच्या बाहेर येऊन म्हणायची, बोला बाबा, आत्ता गर्दी कमी आहे. मग त्यांचा प्रश्न ऐकून घ्यायची, थोड्या वेळाने करते म्हणायची, आणि जवळच्या खऱ्या बँकेत जाऊन रांगेत उभी राहून तोच प्रश्न विचारून यायची. तिथल्या शिपायाला शेवटी माझा वैताग आला. म्हणाला, ताई, तुमची एवढी खाती आहेत तरी किती?

गावी जायची ते दुपारच्या गाडीने. हे बाबांनी घालून दिलं होतं. लातूरहून नांदेड, नांदेडहून नायगाव, आणि तिथून शेवटची गाडी, म्हणजे उतरेपर्यंत अंधार पडलेला. पहाटेच परत. कुणी थांबवून विचारायला नको, की मॅडम पगार किती, बदली कधी, आमच्या पोराचं बघा ना काहीतरी. माय मला वाढायची आणि काही बोलायची नाही. मला मात्र दिवसाउजेडी घर बघावंसं वाटायचं. अंगणात बसून कोथिंबीर निवडावी, शेजारणीशी चार टवाळ्या कराव्यात, एवढंच. पण ते आता पास झाल्यावरच. पुढच्या वर्षीही मी परीक्षा दिली. पूर्व निघाली, मुख्य नाही. कुणाला फोटो पाठवला नाही.

या वर्षी जयंतीच्या आधी बाबांचा फोन आला. जयंती म्हणजे आमच्या घरचा सगळ्यात मोठा सण. नवे कपडे, निळे झेंडे, विहारात सगळ्यांचं एकत्र जेवण. अभ्यास असो, ताप असो, मी जयंती कधी चुकवली नव्हती; गेल्या वर्षीही अंधारात मिरवणूक बघून पहाटे परतले होते. बाबा इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "यंदा नको येऊ बाई. नांदेडहून पाव्हणे येनारेत, त्यात एक बँकेतलाच हाय. शाखा कोणती म्हून विचारंल." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

ठेवला आणि मग डोकंच फिरलं. माझं गाव, माझी जयंती, आणि मी लपायचं? मी काय चोरी केली? परीक्षाच तर देते आहे, इंग्रजीच तर करते आहे. त्याच तिरमिरीत बॅग भरली आणि सकाळची पहिली गाडी धरली. नायगावला उतरले तेव्हा ऊन असं भाजत होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. भर दुपारी आमच्या फाट्यावर उतरले, ओढणीसुद्धा डोक्यावर घेतली नाही. ज्याला बघायचं त्याने बघावं.

हापशावर शेजारची काकू पाणी भरत होती. मला बघून तिने हांडा खाली ठेवला. तिने काही विचारायच्या आतच मी बोलून टाकलं. म्हटलं, काकू, मी बँकेत नाही. लातूरला शाखा-बिखा काही नाही. मी अजून परीक्षाच देते आहे.

काकूने पदराने तोंड पुसलं. "ठाव हाय की," म्हणाली. "त्या फ्लेक्सवाल्या पोरानंच सांगितलं, मागंच. समद्यांला ठाव हाय."

मग पासबुकं घेऊन बाबांकडे कामून येता, म्हणून विचारलं.

"तुझा बाबा लई खूश होतो, विचारलं की," ती म्हणाली आणि पुन्हा पाणी भरायला लागली. मला म्हणाली, उन्हात उभी नको राहू, जा घरला.

घरापर्यंतच्या त्या वाटेवर मला चार-पाच जण भेटले. सगळे हसले, कधी आलीस म्हणाले, जयंतीला आलीस बरं झालं म्हणाले. एकानेही बँकेचं नाव काढलं नाही. ही माणसं इतके दिवस चांगली चालू पासबुकं काखेत मारून आमच्या ओट्यावर येत होती, आणि मी तिकडे रांगेत उभी राहत होते.

बाबा माजघरात झेंड्याच्या काठीला रंग देत बसले होते. मला दारात बघून ते उठले आणि आधी माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

"कुणी बघितलं का?"

"सगळ्यांनी," म्हटलं.

ते दार लावायला निघाले. मी त्यांचा हात धरला आणि सांगितलं, की बाबा, लोकांना माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे. ते हसले, म्हणजे तसं तोंड केलं, आणि म्हणाले, कसं शक्य हाय, परवाच तर एक जण मशीनचं विचारून गेला. मग त्यांनी चुलीकडे पाहिलं. माय भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. हात मात्र थांबला होता.

बाबा खाली बसले. काठीवरचा ओला रंग त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला लागला, त्यांचं लक्ष नव्हतं. मीही त्यांच्याशेजारी फरशीवर बसले. लातूरला मी एकटी आहे म्हणून मी किती वेळा उशीत तोंड खुपसलं होतं, आणि हा माणूस भरल्या गावात, स्वतःच्या घरात माझ्याहून एकटा बसला होता. मला त्यांचा इतका कळवळा आला की माझा सगळा राग कुठे गेला ते कळलंच नाही.

"म्हंजी मलाच ठाव नव्हतं म्हण," बाबा म्हणाले.

बाहेर पोरं माईक तपासत होती, हॅलो, हॅलो. माय पुन्हा भाकरी थापायला लागली. मग बाबांनी सदऱ्यावरचा रंग पाहिला, तो बोटाने जरासा पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"उद्या बायकांत बसू नको. माझ्याजवळ बस."